श्रीनगरहून गुलमर्ग: सकाळी जाऊन संध्याकाळी परत, स्की करून

काश्मीरच्या हिवाळी सहलीत गुलमर्गसाठी एक दिवस राखून ठेवलेला असतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक मंडळींचा तो दिवस एकाच साच्यात जातो. नऊला नाष्टा, दहाला निघणं, वाटेतल्या टंगमर्गला भाड्याच्या कोट-बुटांत पाऊण तास, गुलमर्गच्या स्टँडवर घोडेवाल्यांशी हुज्जत, गोंडोलाची, म्हणजे केबल कारची रांग, वर जाऊन फोटो. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन येतो, "साब, निकलना पड़ेगा." स्की बघायला मिळते, ती दुसऱ्याच्या पायात.

पहिल्या खेपेला माझंही हेच झालं. नंतरच्या दोन खेपांना दिवस नीट लावला आणि संध्याकाळी मांड्या भरून आलेल्या अवस्थेत परतलो. जे कळलं ते असं की ५० किलोमीटरचं अंतर हा प्रश्नच नाही. वेळ खातात ते मधले थांबे. ते आधी निस्तरले तर एका दिवसात गुलमर्गला स्की शिकायला सुरुवात करून परत येता येतं.

सगळ्यात आधी: गोंडोला की स्की?

हा निर्णय मुंबई-पुण्यात असतानाच घ्या. डिसेंबर-जानेवारीत काश्मीरमध्ये साडेसातच्या सुमाराला उजाडतं आणि साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो. जायचे-यायचे तास वजा केले तर गुलमर्गमध्ये हातात उरतात पाच, फार तर सहा तास. त्यात दोन टप्प्यांत अफरवट डोंगरावर जाणारा गोंडोला, स्की, स्लेज, घोडा आणि बर्फाचा माणूस करणं हे सगळं बसवायला गेलं की एक ना धड भाराभर चिंध्या.

माझं मत स्पष्ट आहे. घरात कुणालाही खरंच स्की करून बघायची असेल तर वरपर्यंतचा गोंडोला त्या दिवसापुरता सोडा, किंवा फक्त पहिला टप्पा करा. दोन्ही हवंच असेल तर गुलमर्गला एक मुक्काम करा. सोबत आई-वडील असतील तर घर दोन गटांत वाटून घ्या: ते गोंडोलाने वर, तुम्ही खाली उतारावर. एकमेकांसाठी ताटकळण्यातच अर्धा दिवस जातो.

कधी जावं

बर्फ डिसेंबरच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत धरावा. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना चिल्लई कलान म्हणतात. त्यानंतर २० दिवसांचा चिल्लई खुर्द आणि १० दिवसांचा चिल्लई बच्चा. पहिल्या ४० दिवसांत थंडी सगळ्यात कडक असते, पण नवशिक्याला जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ जास्त मानवतो: बर्फाचा थर बसलेला असतो आणि दिवसही थोडा मोठा झालेला असतो.

पण बर्फ मिळेलच असं समजू नका. हे बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या वादळी हवेवर अवलंबून असतं, आणि आपल्या पावसासारखेच तेही दडी मारतात. जानेवारी २०२४ मध्ये महिना संपत येईपर्यंत गुलमर्ग कोरडं होतं. ऐन हंगामात तपकिरी गवतावर उभे असलेले घोडे सगळ्यांनी फोटोंत पाहिले. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. तेव्हा विमानाचं तिकीट महिनाभर आधी काढलंत तरी गुलमर्गचा दिवस श्रीनगरला पोचल्यावर हवामान बघून ठरवा.

तो दिवस सहलीच्या शेवटी कधीच ठेवू नका. दुसरा किंवा तिसरा ठेवला तर बर्फवृष्टीने रस्ता बंद झाल्यास पुढे सरकवायला जागा राहते. टूरवाल्याने छापील कार्यक्रम दिला असेल तर त्यालाही दिवसांची अदलाबदल करायला सांगा. बहुतेक जण करतात.

आदल्या दिवशी उरकायची कामं

फोन. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. दर वर्षी कुणीतरी हे श्रीनगर विमानतळावर उतरल्यावर शोधून काढतं. चार जणांत निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या, कारण गुलमर्गमध्ये तुम्ही दोन ठिकाणी विखुरणार आहात. हॉटेलच्या वायफायवर गोंडोलाचं तिकीट, नकाशा, ओळखपत्राचा फोटो असं सगळं फोनमध्ये उतरवून ठेवा.

गोंडोलाचं तिकीट. पहिल्या टप्प्यापुरतंच हवं असलं तरी ते ऑनलाइन काढायचं, जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरून. ऐन हंगामात ते काही दिवस आधीच संपतं. गेल्या एक-दोन हंगामांत पहिल्या टप्प्याचं भाडं ८०० रुपयांच्या आणि दुसऱ्याचं १,००० रुपयांच्या आसपास होतं. दुसरा टप्पा पहिल्याच्या वर वेगळा घ्यावा लागतो; नुसता दुसरा घेऊन उपयोग नाही, कारण तो सुरूच होतो पहिल्याच्या शेवटच्या स्टेशनवरून. स्टँडवर "गंडोला टिकट, बिना लाइन" म्हणत कुणी जवळ आला तर नमस्कार करून पुढे चला.

गाडी. इथे एकच प्रश्न विचारायचा असतो आणि तोच आपण विचारत नाही: "गाडी टंगमर्ग तक जाएगी या गुलमर्ग तक?" बर्फ पडलेलं असलं की टंगमर्गच्या पुढे फक्त चारही चाकांना ताकद देणाऱ्या किंवा टायरला साखळ्या बांधलेल्या गाड्या सोडतात. तुमची श्रीनगरची गाडी टंगमर्गला थांबते आणि तिथून स्थानिक सुमो करावी लागते. तिचं भाडं वेगळं. हे आदल्या रात्री बोलून घेतलं नाही तर टंगमर्गच्या चिखलात उभं राहून बोलावं लागतं.

गाडी परवडत नसेल, किंवा तुम्ही एकटे-दुकटे असाल, तर श्रीनगरहून टंगमर्गपर्यंत शेअर सुमो असतात. त्या कुठल्या स्टँडवरून सुटतात ते हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी विचारा, कारण हे स्टँड अधूनमधून हलवले जातात. टंगमर्गला सुमो बदलून गुलमर्ग. पैसे बरेच वाचतात, पण परतीच्या शेअर सुमो दुपार ढळली की विरळ होत जातात. चारनंतर शेअर सुमोच्या भरवशावर राहू नका. श्रीनगरच्या टूरिस्ट रिसेप्शन सेंटरवरून सरकारी परिवहनाची दिवसभराची बसही जाते. ती गोंडोला बघून परतणाऱ्यांना ठीक आहे. स्कीवाल्यांना तिच्या वेळा जाचतात.

रोख रक्कम. नेटवर्क असेल तेव्हा यूपीआय चालतं. बर्फवृष्टीत ते असेलच असं नाही. पाचशेच्या आणि शंभरच्या सुट्ट्या नोटा खिशात असू द्या.

कपडे, आणि जीन्सबद्दल दोन शब्द

जीन्स घालू नका. सुती कापड एकदा भिजलं की दिवसभर सुकत नाही आणि मांडीला ओल्या पोतेऱ्यासारखं चिकटून बसतं. स्की शिकताना पहिल्या तासात तुम्ही किमान वीस वेळा बर्फात बसणार आहात. ठरवून नाही, आपोआप.

आत अंगाला चिकटणारं थर्मल, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. आपल्याकडे पावसाळी ट्रेकसाठी घेतलेली रेनपँट असते ना, ती थर्मलवर चढवली की काम झालं. वेगळी स्कीपँट विकत घ्यायची गरज नाही. लोकरी हातमोजे भिजतात, म्हणून बाहेरून पाणी न शोषणारे घ्या. काळा चष्मा आणि सनस्क्रीन चुकवू नका. बर्फावरून उन्हाची तिरीप खालून वर येते, त्यामुळे हनुवटी आणि नाकपुड्यांची खालची बाजूसुद्धा भाजते.

पायमोजे एकच जोड, जाडसर, नडगीच्या वरपर्यंत येणारा. दोन घातले की स्कीच्या बुटात घड्या पडतात आणि त्या घड्या टोचतात. कोरडी एक जोडी मात्र पिशवीत ठेवा, परतीसाठी.

सकाळ

साडेसातला गाडी सुटली पाहिजे. म्हणजे अंधारात उठणं आलं. हॉटेलचा नाष्टा एवढ्या लवकर मिळत नाही, म्हणून आदल्या रात्री सांगून ठेवा किंवा वाटेतल्या कांदुरकडून, म्हणजे काश्मिरी भटाऱ्याकडून, गरम गिर्दा (गोल रोटी) घ्या. लोणी लावलेला गिर्दा आणि नून चहा एवढ्यावर अकरापर्यंत तग धरता येतो. नून चहा खारट असतो. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल, तिसऱ्याला आवडायला लागेल.

रस्ता नारबलपर्यंत बारामुल्लाच्या महामार्गाने जातो, मग डावीकडे वळून मागाम आणि कुंझरवरून टंगमर्ग. दोन्ही बाजूंना निष्पर्ण सफेद्यांच्या (पॉप्लरच्या झाडांच्या) सरळसोट रांगा. इथवर सुमारे ३८-३९ किलोमीटर, बहुतेक सपाट. वाटेत तपासणी नाके लागतात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला झालेल्या हल्ल्यात महाराष्ट्रातले पर्यटकही मारले गेले. त्यानंतर खोऱ्यातली अनेक पर्यटनस्थळं काही काळ बंद ठेवून पुढे टप्प्याटप्प्याने उघडली. तेव्हा ओळखपत्र प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात असू द्या, नाक्यांसाठी वेळ धरा, आणि वाकडी वाट करून एखाद्या धबधब्याला जायचा विचार असेल तर ते ठिकाण उघडं आहे का हे हॉटेलवर विचारून निघा.

टंगमर्ग: इथे वेळ जातो

गाडी टंगमर्गला शिरली की वेग आपोआप कमी होतो आणि ड्रायव्हर एका ठरावीक दुकानापुढे उभी करतो. आत भिंतीला ओळीने लांब ओव्हरकोट आणि गमबूट लटकवलेले. "ऊपर बहुत ठंड है, बिना बूट के जाने नहीं देंगे." कुणीही अडवत नाही. तुमच्याकडे जलरोधक बूट आणि जाकीट असेल तर गाडीतून उतरूच नका.

नसेल तर गमबूट जरूर घ्या, फक्त गमबूट. तो लांब फरचा ओव्हरकोट फोटोत झकास दिसतो, पण स्कीवर तो पायात येतो आणि भिजला की ब्लँकेटच्या वजनाचा होतो. बूट निवडताना आत हात घालून बघा. मी पहिल्यांदा घाईत घेतले, आणि उजव्या बुटाच्या टाचेत आदल्या गिऱ्हाइकाचं पाणी तसंच होतं. ते मला गुलमर्गला पोचल्यावर कळलं.

स्कीचं सामान टंगमर्गला घेऊ नका. ते वर मिळतं आणि बिघडलं तर वरच बदलून मिळतं.

बर्फ असेल तर इथेच सुमो बदलायची. पुढचे १३ किलोमीटर देवदार-पाइनच्या दाट जंगलातून वळणावळणाने जातात आणि तेवढ्यात सुमारे ५०० मीटर चढ येतो. साखळ्यांचा खळखळाट सुरू झाला की पोटात गोळा येतो, पण हे ड्रायव्हर रोज त्याच रस्त्यावर असतात. गाडी लागण्याचा त्रास असणाऱ्याला पुढे बसवा. उतरताना सुमोवाल्याचा फोन नंबर आणि परतीची वेळ घ्या, आणि गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. संध्याकाळी स्टँडवर शंभर पांढऱ्या सुमो एकसारख्या दिसतात.

गुलमर्ग स्टँड

दार उघडायच्या आधी काचेवर चार चेहरे. घोडा, स्लेज, गाइड, स्नोबाइक. "गंडोला यहाँ से तीन किलोमीटर है, पैदल नहीं जा पाओगे." गोंडोला स्टेशन स्टँडपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे, ताज्या बर्फात फार तर अर्धा तास.

या लोकांवर रागावण्यात अर्थ नाही. हंगाम दोन-तीन महिन्यांचा, आणि बर्फ न पडलेल्या वर्षी तोही हातचा जातो. पण होकार द्यायचा तर आकडा आणि ठिकाण दोन्ही बोलून द्या: कुठून कुठे, किती वेळ, माणशी की सगळ्यांचे, जाणं-येणं की नुसतं जाणं. ज्येष्ठांना गोंडोलापर्यंत स्लेजवर बसवणं हा बरा खर्च आहे. बाकीच्यांनी हसून "नहीं चाहिए भाईजान" म्हणावं आणि चालत राहावं. थांबलात की संपलात. गोंडोलासाठी गाइड लागत नाही: तिकिटाचा कोड दाखवायचा, केबिनमध्ये बसायचं, वर उतरायचं.

स्की: सामान आणि उस्ताद

गुलमर्गला स्की नवी नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये इथे स्की क्लब काढला. १९६८ मध्ये केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था सुरू झाली, ती आजही आठवडा-दोन आठवड्यांचे वर्ग घेते. त्यामुळे गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरात कुणी ना कुणी उस्ताद आहे, म्हणजे स्की शिकवणारा. त्यातला नोंदणी असलेला निवडा आणि ओळखपत्र मागा. खऱ्या उस्तादाला त्याचा राग येत नाही.

सामान सरकारी स्कीदुकानात किंवा खासगी दुकानांत भाड्याने मिळतं. स्की, बूट, काठ्या, हेल्मेट. हेल्मेट मागितल्याशिवाय बहुतेक वेळा कुणी देत नाही, तेव्हा मागा. भाडं अर्ध्या दिवसाचं की पूर्ण दिवसाचं हे आधी ठरवा. उस्तादाचे पैसे वेगळे, आणि ते तासावर न ठरवता अर्ध्या दिवसावर ठरवलेले बरे. तासावर ठरवलं की पहिला तास बूट घालण्यात जातो.

ही अतिशयोक्ती नाही. स्कीचा बूट म्हणजे प्लास्टिकचा घमेल्यासारखा टणक सांगाडा. तो घालताना उभं राहून, जीभ पुढे ओढून, पाय तिरपा आत सारायचा आणि टाच जमिनीवर दोनदा आपटायची. मग गुडघा पुढे वाकवून कड्या लावायच्या, खालून वर. थर्मलची कड बुटाच्या आत राहिली तर तासाभराने नडगीवर लाल रेघ उठते, म्हणून ती बाहेर काढा. आत फक्त मोजा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. लाजू नका, बदलून मागा. दुकानदार म्हणेल "बर्फ में ठीक हो जाएगा." नाही होत.

पहिले दोन तास उतारावर

नवशिक्यांचे उतार गोंडोला स्टेशनच्या आसपास आणि गोल्फच्या मैदानावर आहेत. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात तोच बशीसारखा खोलगट पट्टा हिवाळ्यात शाळा होतो. मध्ये झाडं नाहीत, दऱ्या नाहीत, आणि कितीही घसरलात तरी शेवटी बशीच्या तळाशी थांबता.

स्की पायात घालताना ती उताराला आडवी ठेवा. उभी ठेवलीत तर तुमच्या आधी ती खाली जाईल. काठीच्या टोकाने बुटाच्या तळाचं बर्फ खरवडून काढा, बोटांची बाजू आधी आत घाला, मग टाच जोरात दाबा. खट् असा आवाज आला की बसली. आवाज आला नाही तर खाली बर्फ अडकलेलं आहे.

थांबायला आधी शिका, जायला नंतर. दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, मधे पाचरीचा आकार. उस्ताद लोक याला सरळ "पिझ्झा" म्हणतात, आणि दिवसभर उतारावर "पिझ्झा, पिझ्झा, मॅडम पिझ्झा!" अशा आरोळ्या चालू असतात. टाचांनी बाहेर रेटायचं, गुडघे पुढे, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली. इथे प्रत्येक जण एकच चूक करतो: वेग वाढला की घाबरून मागे झुकतो. मागे झुकलं की स्कीच्या पुढच्या भागावरचं वजन जातं आणि ती ऐकेनाशी होते. भीती वाटली की पुढे झुका. मन मानत नाही, पण करून बघा.

पडायचं ते बाजूला, कुल्ल्यावर. उठताना आधी दोन्ही स्की उताराच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या आणा. मग वरच्या बाजूचा हात बर्फात रोवून पाय पोटाशी घ्या आणि उठा. हे न करता उठायला गेलात तर उठता उठता घसराल, परत पडाल, आणि शेजारून सहा वर्षांचं काश्मिरी पोर काठ्याही न घेता सुळकन निघून जाईल.

वर चढायला ओढून नेणारी लिफ्ट चालू असली तर उस्तादाला ती वापरायला शिकवायला सांगा. बंद असली तर खेकड्यासारखं आडवं पाऊल टाकत चढायचं. दहा खेपांत जाकीट काढावंसं वाटतं. काढू नका, फक्त चेन उघडा.

दोन-अडीच तासांत बहुतेकांना थांबणं आणि थोडंफार वळणं जमतं. तेवढ्यावर खूश व्हा. कुणी "चलो सर, ऊपर से करते हैं" म्हणाला तर नको म्हणा. पहिल्या टप्प्यावरून खाली येणारी वाटसुद्धा पहिल्या दिवसाच्या माणसासाठी नाही.

गोंडोला घेणाऱ्यांसाठी

पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, गुलमर्ग ते कोंगदूरी, सुमारे ३,१०० मीटरपर्यंत. दुसरा २००५ मध्ये, तिथून अफरवटच्या अंगाला, जवळजवळ ३,९५० मीटरवर. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम बासष्ट टक्के असतो. आदल्या दिवशी मुंबईहून आलेल्या माणसाला चार पावलांत धाप लागते. हृदयविकार, दमा किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर कोंगदूरीला थांबा. तिथेही बर्फ तेवढंच पांढरं असतं, शिवाय चहा मिळतो.

दुसरा टप्पा वारा सुटला की बंद होतो, आणि मोठ्या बर्फवृष्टीनंतर हिमकड्यांची तपासणी होईपर्यंत उघडत नाही. तो आधी करा, पहिल्या टप्प्यावर रेंगाळणं परतताना. हवामानामुळे बंदच राहिला तर त्याचे पैसे परत मिळतात, तेव्हा तिकीट टाकून देऊ नका.

वरून खाली स्की करत येणारे लोक बघून हात शिवशिवतात. पण अफरवटचे उतार म्हणजे स्कीसाठी तयार केलेली वाट नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक. ही मंडळी नवशिकी नव्हती. वर फोटो काढतानाही दोरीच्या पलीकडे जाऊ नका.

जेवण

तासभर बसून जेवायला वेळ नाही. मॅगी, राजमा-चावल आणि कहवा सगळीकडे मिळतो. शाकाहाऱ्यांची अडचण होत नाही. पिशवीत चिक्की, खजूर, घरची दशमी असं काही असेल तर उतारावर उभ्या उभ्या खाता येतं. थंडीत तहान कळत नाही, म्हणून थर्मासमध्ये कोमट पाणी. हारिसा, म्हणजे मटण रात्रभर घोटून केलेला श्रीनगरचा हिवाळी नाष्टा, खायचा असेल तर तो गुलमर्गच्या दिवशी नको. तो खाऊन माणूस परत झोपतो.

१९०२ चं सेंट मेरीज चर्च उतारावरून दिसतं. वेळ उरला तर तिकडे पाय वळवा. टेकडीवरचं शिवमंदिर २०२४ च्या जूनमध्ये आगीत होरपळलं.

परत

साडेतीनला स्की काढायची. चारला सुमोत. उजेड असेपर्यंत ते १३ किलोमीटर उतरून टंगमर्गला पोचायचं हे गणित कुठल्याही कारणाने मोडू नका. दिवसा वितळलेलं पाणी सूर्य कलला की रस्त्यावर गोठतं, आणि ती पारदर्शक काच ड्रायव्हरलाही दिसत नाही. शिवाय सगळेच पाचला निघतात. मागे एकदा "अजून एकच घसरण" म्हणता म्हणता साडेचार झाले. खाली उतरायला दोन तास लागले, त्यातला सव्वा तास एका आडव्या झालेल्या टेम्पोच्या मागे.

सामान परत देताना उस्ताद सोबत असावा. स्कीवरच्या जुन्या ओरखड्यांवरून वाद होतो. घेतानाच फोटो काढलेला असला की तो तिथल्या तिथे मिटतो. टंगमर्गला गमबूट परत करा, कोरडे मोजे घाला, श्रीनगरच्या गाडीत बसा.

हॉटेलवर पोचल्यावर बूट आणि हातमोजे बुखारीला (काश्मिरी शेगडीला) किंवा हीटरला अगदी टेकवून ठेवू नका, तळ सुटतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून रात्रभर हातभर अंतरावर ठेवले की सकाळपर्यंत सुकतात. आणि दुसऱ्या दिवशीचा शिकारा दुपारचा ठरवा. सकाळी दल सरोवराच्या घाटाच्या पायऱ्या उतरताना मांड्या ऐकणार नाहीत, कठडा धरून तिरकं तिरकंच उतरावं लागेल, काल शिकलात तसं.